डावीकडचं बूच

आमच्या भाऊजींचं नाक दिसायला अगदीच सुमार होतं. बसकं, जरा उजवीकडे कललेलं, आणि सर्दी नसली तरी सर्दी झाल्यासारखं लाल. पण त्या नाकावर आमची दोन घरं वीस वर्षं चालली. लोक त्यांना नाकशेठ म्हणायचे. पुढे या नाकशेठांनी स्वतःच्याच नाकावरचा भरवसा सोडला आणि ते घरी बसले. वय झालं, असं सगळे म्हणायचे. मीही मान डोलावून तेच म्हणत होतो. खरं कारण मला माहीत होतं. अंगठ्याएवढं एक रबरी बूच आणि माझी जीभ, एवढंच ते कारण.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते गाड्यांचं इंजिनकाम करायचे, मी पत्रा ठोकायचो आणि रंग मारायचो. शेड एक, कामं दोन. पहिल्या वर्षी आमचं रोज वाजायचं. ते माझ्या रंगात लुडबुड करायचे, मी त्यांच्या इंजिनात. एके दिवशी ताई जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा आम्ही एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांची अक्कल काढत होतो, आणि गिऱ्हाईक मध्ये उभं राहून सगळं ऐकत होतं. ताईने डबा आपटला.

"आजपासून एकमेकांच्या कामाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "शंका आली तर विचारायचं. समोरच्यानं सांगितलं की ते खरं. जमत नसेल तर शेड विका आणि दोघंही घरी बसून भांडी घासा."

भांडी घासायची तयारी दोघांचीही नव्हती. त्याच दिवशी मी शेडच्या मधोमध जमिनीवर पिवळी रेघ मारली. एका बाजूला त्यांचं काम, दुसऱ्या बाजूला माझं. गाडी रेघ ओलांडून इकडची तिकडे जायची, पण माझ्या कामाला त्यांचा हात लागत नसे आणि त्यांच्या कामाला माझा. त्या रेघेचा शब्द भाऊजींनी कधी म्हणजे कधी मोडला नाही. मी एकदाच मोडला, पण तेवढा पुरला.

गाडीत वास येतो म्हणून माणूस आला की भाऊजींचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुठून येतो ते राहू द्या, ते मी बघतो. कधी येतो ते सांगा." चालू केल्या केल्या येतो? सिग्नलला उभं असताना? चढावर? काचा उघड्या असताना की बंद? माणूस डोकं खाजवायचा. मग भाऊजी स्वतः मागच्या सीटवर बसायचे, गाडी मला चालवायला लावायचे आणि डोळे मिटायचे. पुढे कधीच बसायचे नाहीत. पुढे बसलं की डोळे रस्ता बघतात आणि नाक आळशी होतं, असं त्यांचं म्हणणं. अंगाला साबणसुद्धा बिनवासाचा लावायचे. ताई म्हणायची, "लग्न झाल्यापासून मी पावडर लावलेली नाही. ह्यांच्या नाकाला चालत नाही म्हणे."

वासांची त्यांना पक्की ओळख होती. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे धूर गाळणारा डबा निकामी झाला. गोडसर वास म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी कुठेतरी झिरपतंय. करपट वास म्हणजे तापलेल्या नळीवर तेल ठिबकतंय. एका वकिलांच्या गाडीतून ते दोनच मिनिटांत उतरले आणि म्हणाले, "गाडीची तब्येत चांगली आहे. तुमच्या बॅगेत डबा राहिलाय." खरंच निघाला, आठ दिवसांपूर्वीचा. वकीलसाहेब डबा तिथेच कचऱ्यात टाकून निघून गेले.

पण धुराचा वास असला की भाऊजी थट्टा बंद करायचे. "ज्यानं माणूस मरतो त्या वायूला वासच नसतो," ते म्हणायचे. "त्याच्या सोबतीला हा घाण वास येतो, हे आपलं नशीब. तेवढाच इशारा मिळतो." आणि मग ते गाडी सोडायचेच नाहीत, दोन दिवस लागोत की चार.

शेडच्या विसाव्या वर्षी एका नर्सबाईंच्या गाडीला मागून टेम्पोने ठोकर दिली. डिकी चेपली होती. काम माझं. डिकीच्या तळाच्या पत्र्याला पाच भोकं असतात, प्रत्येकात रबरी बूच. ठोकाठोकीआधी मी ती काढली, पत्रा सरळ केला, बुचं परत बसवली, वरून रंगाचा शेवटचा हात दिला, मॅट अंथरली आणि गाडी दिली. बाई खूश झाल्या. मीही माझ्यावर खूश झालो, ती माझी जुनी खोड आहे.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या, गाडीत धुराचा वास येतो म्हणून. त्यांच्या म्हाताऱ्या आईला एक दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागायचं. आई मागे बसायच्या, आणि पोहोचेपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागायचं.

भाऊजी मागे बसले, मी चालवायला. उभ्या गाडीत काही नव्हतं. रस्त्याला लागलो, तेव्हा ते म्हणाले, "तुझी काच चार बोटं खाली घे." घेतली. "आला," ते म्हणाले. लोक वास आला की काच उघडतात, आणि पुष्कळदा त्यानंच वास वाढतो. पळत्या गाडीच्या पाठीमागे धूर घुटमळत असतो. पुढची काच उघडली की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला मागची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. माझं स्वतःचं नाक रंगाच्या थिनरने कधीच मारलेलं, त्यामुळे मला मात्र काहीच येत नव्हतं.

"मागून येतोय," भाऊजी डोळे मिटून म्हणाले. "खालून. डावीकडून." मग डोळे उघडून त्यांनी सहज विचारलं, "डिकीची बुचं सगळी बसवलीस ना रे?"

आता त्या दिवशी सकाळी काय झालं होतं तेही सांगायला हवं. एका गिऱ्हाइकाच्या देखत भाऊजी म्हणाले होते की मी रंगवलेलं दार बाकीच्या गाडीपेक्षा जरासं गडद दिसतंय. बोलून गेले आणि लगेच जीभ चावली, कारण तो रेघेपलीकडचा विषय. दार खरोखरच गडद होतं. त्यामुळे तर मला जास्त झोंबलं. तो राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेलाच होता, आणि त्यात हा बुचांचा प्रश्न आला.

"सगळी बसवलीत," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मोजली होती का? नव्हती.

"मग दुसरं काहीतरी आहे," भाऊजी म्हणाले, आणि विषय संपला. डिकीच्या दाराचं रबर त्यांनी तपासलं. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून बघायची, सुटी निघाली तर तिथे फट. पट्टी चहूबाजूंनी घट्ट निघाली. गाडी वर चढवून त्यांनी नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. मागच्या सांध्याच्या पट्ट्याला किंचित बुडबुडे आले, तो आवळला. त्यानं वास जवळजवळ गेला, म्हणून गाडी दिली. ते उघडं भोक खालून दिसण्यासारखं नव्हतं, सायलेन्सरच्या पोटाआड होतं. वरून दिसलं असतं, मॅट उचलली असती तर. पण मॅट माझी होती.

आठ दिवसांनी बाई पुन्हा आल्या. या वेळी आईंना गाडीत ओकारी झाली होती. बाई शांत स्वभावाच्या, आवाज चढवला नाही. भाऊजी पुन्हा मागे बसले, पुन्हा म्हणाले, मागून, खालून, डावीकडून. शेडमध्ये आल्यावर ते डिकी उघडून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेहुणे, एकदा मॅट उचलून बघू का?"

मेहुणे म्हणायचे ते लाडात आले की. मी लाडाची किंमत ठेवली नाही. "तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर खुशाल उचला," मी म्हणालो.

त्यांनी डिकी बंद केली. आवाजसुद्धा होऊ दिला नाही. "तसं नाही रे," ते म्हणाले. "तू बसवलीत म्हणतोस म्हणजे बसवलीत. मग माझं नाक चुकतंय." गाडी त्यांनी ठेवून घेतली, बाईंना रिक्षाने पाठवलं. पुढचा सांधा, इंजिनाजवळचा, दुसऱ्या दिवशी उघडायचं ठरवलं. नाक मागे म्हणत असताना पुढचा सांधा उघडायला निघालेले भाऊजी मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

संध्याकाळी हात पुसायला फडकं हवं होतं म्हणून मी माझ्या जुन्या एप्रनच्या खिशात हात घातला. हाताला गोल, मऊ काहीतरी लागलं. बाहेर न काढताच मला कळलं.

भाऊजी तेव्हा दहा पावलांवर हात धूत होते. बूच तळहातावर घेऊन दहा पावलं चालायची होती, आणि म्हणायचं होतं, भाऊजी, मी गाढव आहे. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि चहा मागवला असता. त्यांना मी पुरता ओळखत होतो, हे असंच झालं असतं. पण 'विश्वास नसेल तर' हे शब्द मी दुपारीच उच्चारले होते. ते गिळायचे कसे? मी बूच खिशातच ठेवलं. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या उजाडला. भाऊजींनी पुढचा सांधा उघडला, फट बुजवणारं नवं गॅस्केट घातलं, दुपारपर्यंत घामाघूम झाले. ते तोंड धुवायला गेले तेवढ्यात मी मॅट उचलली, डावीकडच्या भोकात बूच दाबलं आणि मॅट सारखी केली. मिनिटसुद्धा लागलं नाही. बाईंच्या आईंच्या जिवाला असलेला धोका टळला, एवढं एकच बरं काम मी त्या दिवशी केलं, आणि तेही चोरासारखं.

आम्ही चक्कर मारायला गेलो. काच चार बोटं खाली. भाऊजी मागे डोळे मिटून बसलेले. बराच वेळ गेला. "गेला वास," ते म्हणाले. मी आरशात बघितलं. दोष सापडला की हा माणूस गाडीतच मांडीवर ताल धरायचा. त्या दिवशी हात मांडीवर नुसते पडून होते.

त्या संध्याकाळी ते ताईला म्हणाले, "नाक मागे म्हणत होतं आणि दोष पुढे निघाला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं." ताई म्हणाली, "एखादं चुकायचंच. देव आहात का तुम्ही?" मी तिथेच पाणी पीत उभा होतो. भांडं खाली ठेवलं आणि घरी गेलो.

त्यानंतर भाऊजींचं कामच बदललं. आधी ते गाडीतून उतरता उतरता दोष सांगायचे. आता उतरून गप्प उभे राहायचे, मग खात्रीसाठी चार ठिकाणं उघडायचे. टॅक्सीवाल्याला विचारायचे, गिऱ्हाइकाला विचारायचे, "तुम्हालाही मागूनच येतोय ना?" नाकशेठ दुसऱ्याला वास विचारतात, ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. एकदा त्यांनी गोडसर वास बरोबर ओळखला आणि तरीही तीन दिवस दुसरीकडे शोधत बसले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की." तर म्हणाले, "त्याही वेळी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." पुढे वासाची गाडी आली की ते मोठ्या वर्कशॉपचा पत्ता द्यायला लागले. वर्षाभरात त्यांनी रेघेपलीकडे एक मिस्त्री नेमला आणि घरी राहायला लागले.

मी म्हटलं, माणसाला विश्रांती नको का? मनाची समजूत घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ताईकडे गेलो की भाऊजी खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर ताई एकदा म्हणाली, "लक्षच नसतं रे ह्यांचं. परवा स्वयंपाकघरात बसले होते, समोर दूध करपलं, तरी ह्यांना पत्ता नाही." मी म्हटलं, मन रमत नसेल. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चार वर्षांनी नर्सबाई गाडी विकायला काढणार म्हणून रंगाला घेऊन आल्या. आई वारल्या होत्या. "शेवटपर्यंत तुमच्या भाऊजींचं नाव काढायची," बाई म्हणाल्या. "म्हणायची, त्या माणसानं माझं डोकं राहू दिलं खांद्यावर." त्या गेल्यावर मी डिकीतली मॅट उचलली. पाच बुचं. चारांवर गाडीच्या निळ्या रंगाचे बारीक तुषार होते, कारण ती मी रंगाआधी बसवली होती. पाचवं, डावीकडचं, काळंभोर. एकदा मॅट उचलली असती तर कुणालाही दिसलं असतं. भाऊजींनी ती तेव्हा उचलली नाही, कारण बुचं बसवलीत असं मी सांगितलं होतं.

मी त्या भोकात नवं बूच घातलं, जुनं खिशात टाकलं आणि भरदुपारी ताईच्या घरी गेलो. भाऊजी खिडकीशी होते, ताई कपडे घड्या करत होती. मी बूच टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दाराचा गडद रंग, राग, खिसा, मॅट, सगळं.

ताईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "चार वर्षं?" ती म्हणाली. "चार वर्षं तू इथे येऊन चहा पीत होतास?"

भाऊजींनी बूच उचललं, फिरवून बघितलं. "कुठल्या भोकातलं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडचं. सायलेन्सरच्या वरचं."

"मी डावं म्हटलं होतं."

"हो."

"खालून म्हटलं होतं."

"हो भाऊजी."

त्यांनी ताईकडे वळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना. "ऐकलंस का गं," ते म्हणाले, "डावंच होतं!" त्यांनी शिवी दिली असती तर मी ती घेऊन सुखाने घरी गेलो असतो. ते हसत होते. मांडीवर बोटांनी ताल धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी शेडवर आले. अंगात कामाचा डगला, इस्त्री केलेला. इस्त्री ताईने केली असणार, पण माझ्याशी ती तेव्हा बोलत नव्हती आणि पुढेही बरेच दिवस बोलली नाही. मिस्त्री उठून उभा राहिला. योगायोगाने एक टॅक्सीवाला आलेलाच होता, गाडीत वास येतो म्हणून. भाऊजींनी त्याला खुर्ची दिली. "कुठून ते राहू द्या," ते म्हणाले. "कधी येतो ते सांगा." आणि मागचं दार उघडून बसले. "चला मेहुणे."

पहिल्या चौकापर्यंतही पोहोचलो नव्हतो, आणि मला वास आला. करपट, तेलाचा. थिनरने मेलेल्या माझ्या नाकालाही आला, म्हणजे केवढा असेल बघा. मी आरशात बघितलं. भाऊजी डोळे मिटून बसले होते, हात मांडीवर, छाती सावकाश वरखाली होत होती. चढ लागला, वास वाढला, माझे डोळे चुरचुरायला लागले. भाऊजी तसेच. मला करपलेलं दूध आठवलं, आणि त्याआधीचा तो मोठा ताप. जी वर्षं ते नाक शाबूत होतं, तीच वर्षं मी त्यांना खिडकीशी बसवून ठेवलं होतं.

चढ संपला तसं त्यांनी डोळे उघडले. "गाडी बाजूला घे," ते म्हणाले. मी घेतली. इंजिन चालूच होतं.

"येतोय का रे वास?" त्यांनी विचारलं.

मी पुढे रस्त्याकडे बघत राहिलो. नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते खरं धरलं असतं. त्यांचा तो स्वभावच होता.

"येतोय," मी म्हणालो. "करपट. खूप येतोय, भाऊजी."

"चढावर वाढला?"

"वाढला."

"तेल आहे. नळीवर पडतंय," ते म्हणाले. "वरच्या झाकणाचं गॅस्केट बघायला सांग मिस्त्रीला."

मग ते उतरले, मागचं दार नीट लावलं, आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. सीटचा पट्टा कुठे अडकवायचा ते त्यांना पटकन सापडेना. मी अडकवून दिला.

"चल," ते म्हणाले. "गिऱ्हाईक वाट बघत असेल."